सुट्टीतला भारत आणि सेमिस्टरमधला भारत

आखातात वाढलेल्या मराठी मुलांना भारत माहीत असतो तो जून-जुलैचा. शाळेला सुट्टी लागली की विमान, मग ठाण्याला काकांकडे मुक्काम, गावाला धावती भेट, एखादं लग्न, दातांचा डॉक्टर, चष्म्याचा नंबर, आईची साड्यांची खरेदी आणि निघताना काट्यावर पुन्हा पुन्हा चढवून भरलेल्या बॅगा. त्या महिन्याभरात सगळे आपले लाड करतात. रिक्षा कुणीतरी थांबवतं, तिकीट कुणीतरी काढतं, बँकेत कुणीतरी जाऊन येतं. मी बारावीपर्यंत मस्कतला शिकले आणि आता नवी मुंबईत इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मस्कत, दुबई, दोहा, कुवेतहून दरवर्षी आपली मुलं ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सुट्टीत पाहिलेला देश आणि ज्यात सेमिस्टर काढायची तो देश, हे दोन वेगळे आहेत. दुसऱ्याची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते, आणि स्वतःची कामं स्वतः केल्याशिवाय ती होत नाही. घरी हेच कुणी सांगत नाही, म्हणून मला ते इतकं महत्त्वाचं वाटतं.

घरचे सांगत नाहीत याला कारण आहे. आई-बाबा ज्या साली देश सोडून गेले, त्या सालचा भारत त्यांच्या मनात राहिलेला असतो. माझे बाबा गेले तेव्हा ठाण्याहून वाशीला थेट लोकल नव्हती, ती २००४ साली सुरू झाली. त्यामुळे ते अजूनही मला ‘कुर्ल्याला गाडी बदल’ म्हणून सांगतात. नेरूळ त्यांना लांबचं आणि सुनसान वाटतं. त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण पत्ता, भाडं आणि वेळ मात्र इथे राहणाऱ्या सीनियरला विचारून घ्या.

कागदपत्रांचं आधी उरकते. इंजिनीअरिंगच्या कॉलेजांत मंजूर जागांच्या वर १५ टक्के जादा जागा परदेशी नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाचे परदेशी कार्डधारक) आणि आखातात काम करणाऱ्या भारतीयांची मुलं यांच्यासाठी असतात. त्यातल्या एक तृतीयांश आखातवाल्यांच्या मुलांच्या. फॉर्मवर ‘सीआयडब्ल्यूजीसी’ असं लिहिलेलं दिसेल ते हेच. पण हा एकच रस्ता आहे असं समजून बसू नका. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडे महाराष्ट्राचा डोमिसाइल दाखला असेल तर राज्याच्या सर्वसाधारण प्रवेश फेरीतही ‘टाइप बी’ उमेदवार म्हणून उतरता येतं. हे आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत माहीतच नसतं. तो दाखला तहसील कार्यालयातून किंवा ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवरून निघतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तुमची बारावी सुरू असतानाच गावाकडच्या नातेवाइकांना त्या कामाला लावा. सीबीएसईचं मायग्रेशन सर्टिफिकेट, आई-बाबांच्या नोकरीचा दाखला, व्हिसाच्या प्रती, दूतावासाचा शिक्का लागणारे कागद, हे सगळं तिथून निघण्याआधी करून घ्यावं. इथे आल्यावर तिथला शिक्का मिळवणं फार त्रासाचं होतं.

इथे पोहोचल्यावर पहिलं काम आधारचं. भारतीय पासपोर्ट असेल तर अनिवासी भारतीयांना आल्या आल्या आधारसाठी नोंदणी करता येते. ते झालं की सिमकार्ड, बँक, भाडेकरार, सगळीकडे सोपं जातं. कॉलेजच्या ऑफिसातून बोनाफाईड, म्हणजे तिथले विद्यार्थी असल्याचा दाखला, काढाल तेव्हा एक सोडून तीन-चार मागून घ्या, कारण बँकेपासून रेल्वेच्या पासापर्यंत प्रत्येक खिडकीवर ते मागतात. आणि तुमचा बताका, म्हणजे तिथलं रेसिडेंट कार्ड, फार काळ बाहेर राहिलं की अडचणीत येऊ शकतो. साधारण सहा महिन्यांची मर्यादा डोक्यात ठेवा आणि सुट्टीच्या तारखांचं गणित वडिलांच्या कंपनीत व्हिसाचं काम बघणाऱ्या पीआरओशी बोलून आधीच बसवा.

राहण्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. पहिलं सेमिस्टर नातेवाइकांकडे काढायला हरकत नाही, पण त्यानंतर आपली खोली बघावी. मी सुरुवातीला ठाण्याला काका-काकूंकडे होते. काकूने मला ताटावरून उठू दिलं नाही, कपडे धुऊ दिले नाहीत, इतकी माया केली. त्या मायेत माझी सुट्टी चालूच राहिली. नेरूळला तिघींनी मिळून खोली घेतली तेव्हा गॅस सिलिंडर कसा लावतात, पाणी किती वाजता येतं, ओला-सुका कचरा वेगळा का ठेवायचा, सोसायटीच्या सेक्रेटरींशी कसं बोलायचं, हे सगळं आपोआप शिकून झालं. करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. त्याची नोंदणी झाली का आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती गेली का, हे घरमालकाला संकोच न करता विचारा. डिपॉझिट दिल्याची पावती किंवा बँकेतली नोंद हवीच.

जेवणाचा प्रश्न नवी मुंबईत फारसा येत नाही. जवळजवळ प्रत्येक सेक्टरात एखादं पोळीभाजी केंद्र असतं, आणि घरून डबा देणाऱ्या ताई असतात. माझ्या डब्याच्या ताई साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वस्त्यांत पाटण-जावळीकडची अशी कितीतरी कुटुंबं आहेत. महिन्याचे पैसे द्यायला गेलं की त्या आत बोलावून बसवतात, चहा करतात, परीक्षा कधी ते विचारतात, आणि परीक्षेच्या आठवड्यात डब्यात न सांगता एक पोळी जास्त येते. डबा ॲपवरून मागवला तर पोट भरेल, पण ही ओळख होणार नाही.

आता लोकल. आखातात आपण गाडीच्या मागच्या सीटवर वाढतो, त्यामुळे लोकलची भीती वाटणं साहजिक आहे. नवी मुंबईत दोन मार्ग नीट समजले की काम भागतं. हार्बर लाइन सीएसएमटीहून मानखुर्द, वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे, बेलापूर, खारघर करत पनवेलला जाते. ट्रान्स-हार्बर ठाण्याहून दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी येते आणि पुढे एक फाटा वाशीकडे, दुसरा नेरूळ-पनवेलकडे वळतो. म्हणून ठाण्याला गाडीत चढताना इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. बेलापूर आणि नेरूळहून उरणलाही गाडी जाते, २०२४ च्या जानेवारीपासून ती थेट उरणपर्यंत पोहोचली. रविवारी कुठे जायचं असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी कुठल्या मार्गावर गाड्या बंद आहेत ते, बघून ठेवायचा. कॉलेजातून सवलतीचा फॉर्म घेतला की विद्यार्थी पास निघतो आणि तो अगदी स्वस्त पडतो.

पण मार्ग पाठ करणं हा सोपा भाग आहे. गर्दीत उभं कसं राहायचं ते बायका शिकवतात. सकाळी ठाण्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत लेडीज डब्यात चढले की कुणीतरी आधी विचारतं, “कुठे उतरणार?” हा प्रश्न चौकशीचा नसतो. त्यावरून ठरतं की तुम्ही दाराच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं आणि कुणाच्या उठण्याची वाट कोण बघणार. बॅग पुढे घ्यायची, केस बांधायचे, उतरण्याच्या एक स्टेशन आधी पुढे सरकायचं, आणि मागून “चला, रबाळे, चला” असा आवाज आला की त्या लाटेबरोबर निघायचं. पहिल्या पावसाळ्यात एका काकूंनी माझी ओली छत्री घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली आणि म्हणाल्या, “रोज एक पिशवी ठेवत जा बाळा, बसलेल्यांच्या अंगावर पाणी गळतं.” मस्कतमध्ये बारा वर्षं शाळेच्या बसने गेले, पण शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या अंगावर माझ्यामुळे पाणी गळू नये, हा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. मला वाटतं, देश म्हणतात त्यातला बराचसा भाग अशा डब्यातच समजतो.

पावसाचं निघालं म्हणून सांगते. मस्कतला वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे चार महिन्यांत २,००० हून जास्त पडतो. सुट्टीत हा पाऊस खिडकीतून छान वाटतो. रोज कॉलेजला जायचं असतं तेव्हा दोन जोड चपला, चटकन सुकणारे कपडे, वह्यांसाठी प्लास्टिकचं फोल्डर आणि कपाटात डांबराच्या गोळ्या लागतात. चामड्याचे बूट आणूच नका, बुरशी धरते. ऑक्टोबरचा उकाडाही मनात धरून या. तिथला उन्हाळा एसीत जातो, इथे घामात पेपर लिहायचे असतात.

कॉलेजबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण आखातातून आलेली हुशार मुलंही पहिल्या वर्षी इथेच गांगरतात. सीबीएसईत आपल्याला पुस्तक, धडा, प्रश्न अशी सवय असते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सिलॅबसच्या एका ओळीमागे तीन पुस्तकं असू शकतात, आणि परीक्षेला काय येतं ते मागच्या वर्षांचे पेपर पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून सेमिस्टर सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सीनियरकडून जुने पेपर घ्या आणि सिलॅबस शेजारी ठेवून खुणा करा. पास व्हायला ४० टक्के लागतात हे ऐकून निवांत होऊ नका. एका विषयात केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यायची वेळ आली, की पुढच्या सेमिस्टरचा अभ्यास आणि मागचा पेपर दोन्ही डोक्यावर बसतात, आणि पुढे कंपन्या कॅम्पसला येतात तेव्हा काहींची पहिली अटच ‘केटी नको’ अशी असते. पॉइंटर म्हणजे एसजीपीआय, सेमिस्टरच्या सगळ्या विषयांची मिळून सरासरी श्रेणी. पहिल्या दोन सेमिस्टरचा पॉइंटर सांभाळला तर पुढे श्वास घ्यायला जागा राहते.

हजेरी ७५ टक्के. ती कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट लागते आणि पालकांना बोलावतात. आपले पालक समुद्रापलीकडे असतात, म्हणून लोकल गार्डियन कोण, त्यांचा फोन, त्यांची सही, हे प्रवेशाच्या वेळीच ऑफिसात नीट नोंदवून ठेवा. काका-मामांनाही कल्पना देऊन ठेवा, म्हणजे ऐन वेळी त्यांची धावपळ होत नाही.

आणि सबमिशन. हा प्रकार आपल्या शाळांत नसतो. प्रत्येक प्रॅक्टिकल विषयाचं जर्नल असतं. प्रयोग हाताने लिहायचे, आकृत्या काढायच्या, आलेख चिकटवायचे, आणि प्रत्येक प्रयोग तपासून घेऊन इंडेक्सच्या पानावर त्याच्यासमोर मॅडमची किंवा सरांची सही घ्यायची. सगळ्या सह्या झाल्या की सर्टिफिकेटच्या पानावर विभागप्रमुखांची सही, तेव्हा टर्म ग्रँट होते, म्हणजे परीक्षेला बसता येतं. शेवटच्या आठवड्यात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा. आत यंत्रं थांबत नाहीत, काउंटरवर पानांचे गठ्ठे, बाहेरच्या कठड्यावर मुलं मांडीवर जर्नल घेऊन पेन्सिलने सर्किट काढतायत, एकजण मोठ्याने रीडिंग सांगतोय आणि चारजण लिहून घेतायत, एकीने सगळ्यांच्या फायलींना दोरे ओवायचं काम अंगावर घेतलंय. दुकानाच्या काकांना कोणत्या विषयाचं पहिलं पान कोणत्या नमुन्याचं असतं ते तोंडपाठ असतं. मला हे बघून पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, पण त्याच कठड्यावर माझी खरी ओळख झाली. ज्या मुलीने तिचं पूर्ण जर्नल माझ्यासारख्या नवख्या मुलीच्या हातात दिलं आणि “उद्या सकाळी आठला परत दे, बाकी काही नाही” म्हणाली, ती आज माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. सबमिशनचं काम रोजच्या रोज करा हे मी सांगेनच. पण शेवटच्या आठवड्यात तुमचं झालेलं असलं तरी त्या कठड्यावर जाऊन बसा, कुणाला तरी आकृती काढून द्या.

त्याच मैत्रिणीमुळे मला नवी मुंबई कळली. इथे नव्याने भेटलेला माणूस नाव विचारल्यानंतर “गाव कुठलं?” असं विचारतोच. मी “मस्कत” म्हणायचे. समोरचा क्षणभर थांबायचा आणि पुन्हा विचारायचा, “हो, पण गाव?” मग मी बाबांचं गाव सांगायचे, संगमेश्वरजवळचं. मस्कतला आम्ही सगळे ‘इंडियन’ होतो. तिथे एवढं उत्तर पुरायचं, इथे कुणालाच पुरत नाही. प्रत्येकजण कुठून तरी आलाय आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं मूळ जाणून घ्यायचंय. सुरुवातीला हे मला खटकायचं. आता मीच विचारते.

माझी मैत्रीण मात्र कुठूनच आलेली नाही, ती इथलीच, आगरी, करावे भागातली. सेक्टरच्या रुंद रस्त्यांवरून तिच्या घरी गेले तेव्हा एका वळणावर शहरच बदललं. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना खेटून दोन-तीन मजले चढलेली, ओट्यावर बायका कोळंबी सोलत बसलेल्या, मंदिरासमोर मोकळं अंगण. तिची आजी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. परातीत पाण्याचा हात घेऊन भाकरी फिरवायची तिची लय बघत मी तिथेच बसले. तिने वर न बघता विचारलं, “कंच्या गावची गो तू?” मी संगमेश्वर सांगितलं. मग जेवण झाल्यावर ती आम्हाला गच्चीवर घेऊन गेली आणि समोरच्या उंच इमारतींकडे बोट करून म्हणाली, “तो टावर दिसतं ना, तिकरं आमचा शेत व्हता. त्याचे पलीकरं मिठागर.” तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. कुणाचं घर कुठे ते सांगावं तसं तिने सांगितलं.

घरी येऊन मी वाचायला बसले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवायची ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली होती. शहराच्या आराखड्याबद्दल आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं, पण जमिनीबद्दल सांगितलं नव्हतं. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी उरण भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाचजण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते, जासईचे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत मिळते, ती या लढ्याची कमाई. इथे ‘साडेबारा टक्के’ म्हटलं की रिक्षावाल्यालाही वेगळं काही सांगावं लागत नाही.

आखातातल्या मुलांसाठी हे सांगायचं खास कारण आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर आनंदाला उधाण आलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरपासून उड्डाणं. बाबांनी लिहिलं, “आता पोरगी अर्ध्या तासात घरी.” मलाही आनंद झाला, का होऊ नये? पण त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या घरी विमानतळाचा विषय निघाला तेव्हा तिथे वेगळीच गोष्ट बोलली जात होती. तिच्या आत्याचं सासर विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एका गावातलं. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, देवळं हलली, आणि विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिली. आपल्याला दूरच्या घराजवळ नेणारी धावपट्टी दुसऱ्या कुणाच्या घरावरून गेलेली असते, हे त्या दिवशी मला कळलं. म्हणून माझं सांगणं आहे, तुमच्या सेक्टरच्या शेजारी जे गावठाण असेल तिथे जा. त्याला ‘व्हिलेज’ म्हणून बाजूला टाकू नका. तिथल्या जत्रेला, पालखीला जा. सारसोळ्याच्या जेट्टीवर कोळी बांधव होड्या लावतात तिथे जा. होळीला आणि नारळी पौर्णिमेला आगरी-कोळी वस्त्यांत काय उत्साह असतो तो बघा. हे शहर नवीन आहे असं आपण म्हणतो, पण त्याच्या पोटातली गावं जुनी आहेत आणि ती बोलतात.

पैशांबाबत एकच गोष्ट सांगते. एका रियालचे दोनशेहून जास्त रुपये येतात, म्हणून सुरुवातीला सगळंच स्वस्त वाटतं. हा गुणाकार पहिल्या महिन्यातच बंद करा. तुमच्या वर्गातल्या मुलांचा महिना रुपयांतच असतो. सर्वांनी मिळून खायला जायचं ठरलं तर वडापाव, मिसळ, उडप्याकडचा डोसा इथपर्यंत राहा. मीटरने रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, शेअर रिक्षा आणि एनएमएमटीची बस त्याहून स्वस्त. घरून येणाऱ्या पैशांचा हिशेब वहीत लिहिला तर बाबांना फोनवर सांगताना अवघडल्यासारखं होत नाही.

मस्कतची आठवण येणारच, आणि येऊ द्यावी. मला शुक्रवारची फार येते. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची आणि रविवारी सकाळी शाळा. अजूनही रविवारी सकाळी मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मत्र्याच्या कॉर्निशवरून संध्याकाळी दिसणाऱ्या होड्या, शेजारच्या मल्याळी कुटुंबाकडून येणारी केळ्याची वेफर्स, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वर्षातून एकदा घातलेली नऊवारी, हे सगळं माझं बालपण आहे. इथे काहीजण विचारतात, “तिकडे इतकं छान होतं तर परत का आलीस?” त्यांना उत्तर देताना मी तिथल्या स्वच्छ रस्त्यांचं वर्णन करत बसत नाही, आणि इथल्या खड्ड्यांचंही नाही. खरं सांगते. तिथे आमचं राहणं बाबांच्या नोकरीशी आणि व्हिसाच्या तारखेशी बांधलेलं होतं. बाबांच्या कंपनीतले कितीतरी काका एका नोटिशीवर सामान बांधून परत गेलेले मी लहानपणी पाहिले आहेत. त्या देशाने आम्हाला खूप दिलं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि इथे कुणी अरबांबद्दल काही वेडंवाकडं बोललं तर मी तिथल्या तिथे बोलते. दोन्ही देशांबद्दल आपल्याला जे प्रत्यक्ष माहीत आहे ते बोलायची जबाबदारी आपल्यावर आहे असं मला वाटतं. नोव्हेंबरपासून ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात. मस्कतला अल अन्साबच्या पाणथळीवरही ते पाहिलेले आहेत. ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं अभयारण्य आहे. मन फार जड झालं तर एखाद्या रविवारी तिथे जाऊन या, बरं वाटतं.

गावाकडेही जा. सुट्टीत जून-जुलैला गेलेल्या मुलांनी गौरी-गणपतीतलं कोकण पाहिलेलंच नसतं. कोकण रेल्वेच्या गाड्यांचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलतं आणि गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात, म्हणून तारीख मांडून बसावं लागतं. तिकीट नाही मिळालं तर पनवेलहून जनरलच्या डब्यातून जाता येतं, उभं राहून. मी तशीच गेले. डब्यातल्या एका कुटुंबाने चिपळूणपर्यंत मला त्यांच्या पिशव्यांवर बसवलं आणि शेंगदाण्याचे लाडू दिले. गावात आमच्या घराच्या पडवीत आरतीला पन्नासेक माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांना मी कुणाची नात ते चेहऱ्यावरून कळलं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव अजून आहे, ते कमी करून वारसांची नोंद करायची राहिलीय, हेही तिथेच समजलं. आता ते काम मी अंगावर घेतलं आहे. तलाठी कार्यालयात बाबांच्या ऐवजी मी जाते, चुलतकाका सोबत असतात.

अठरा पूर्ण झाले की मतदार नोंदणी करा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. फॉर्म ६ भरायचा, ऑनलाइन भरता येतो. शिकण्यासाठी जिथे राहता तिथल्या पत्त्यावर, अगदी हॉस्टेलच्या पत्त्यावरही नाव नोंदवता येतं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा मी बेलापूर मतदारसंघात पहिल्यांदा मत दिलं. रांगेत माझ्या पुढे डब्याच्या ताई होत्या. ज्या देशात मी वाढले तिथे माझ्या आई-बाबांनी इतकी वर्षं काम केलं, पण तिथला रस्ता कुठून जावा, पाणी कधी यावं, यावर त्यांना कधी बोलता आलं नाही, आणि परदेशी असल्यामुळे ती अपेक्षाही नव्हती. इथे माझ्या गल्लीतला दिवा बंद पडला तर मी महापालिकेकडे तक्रार करू शकते, आणि केलीही आहे. दिवा आठवड्याने लागला.

बाबा पुढच्या वर्षी कायमचे परत येणार आहेत. त्यांनी परवा विचारलं, “नेरूळला भाड्याने घर बघायचं तर स्टेशनच्या पूर्वेला बघू की पश्चिमेला?” मी त्यांना दोन्हीकडचं पाणी, पावसात कुठे साचतं, बाजार कुठे जवळ, बसचा मार्ग कुठून जातो, सगळं सांगितलं आणि शनिवारी दोन घरं बघायची वेळ घेऊन टाकली.